घरच्या इंकजेट प्रिंटरवर फोटो छापायला सुरुवात कशी करावी

घरी फोटो छापायचे ठरवल्यावर बहुतेक जण कोणता प्रिंटर घ्यावा याचाच सर्वाधिक विचार करतात. प्रत्यक्षात प्रिंट बिघडते ती कागद चुकल्यामुळे, प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे संगणकातून प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कागदाचा प्रकार न बदलल्यामुळे किंवा स्क्रीन फार उजळ ठेवून फोटो सुधारल्यामुळे. या तीन गोष्टी सांभाळल्या, तर मध्यम किमतीच्या प्रिंटरवरही अल्बममध्ये लावण्याजोगी प्रिंट निघते. त्या न सांभाळता महागडे यंत्र घेतले, तर त्यावरही फोटो काळवंडलेला आणि फिकट निघतो. खर्चाचा हिशेबही आधीच करून ठेवावा. लग्नाचे किंवा सहलीचे शेकडो फोटो ४ बाय ६ इंचांत हवे असतील, तर जवळच्या लॅबमध्ये ते स्वस्त आणि लवकर होतात. घरच्या छपाईचा खरा लाभ वेगळा आहे: आपला फोटो आपल्याला हवा तसा, हव्या त्या कागदावर आणि पुन्हापुन्हा सुधारून काढता येतो.

यंत्र आणि शाई

इंकजेट प्रिंटरच्या हेडमध्ये केसाहूनही बारीक छिद्रे असतात आणि त्यांतून शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर फेकले जातात. कॅनन आणि एचपीच्या घरगुती यंत्रांत हे थेंब उष्णतेने ढकलले जातात, तर एप्सनच्या यंत्रांत विजेच्या दाबाने किंचित आकार बदलणाऱ्या पिझो घटकाने. घरी फोटो छापणाऱ्याला या फरकापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे वाटावेत: रंग किती आहेत आणि शाई कोणत्या जातीची आहे.

टाकीत बाटलीने शाई भरण्याचे चाररंगी प्रिंटर आपल्याकडे घरोघरी दिसतात. निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा एवढ्या चार रंगांतही फोटो चांगला निघतो. फक्त त्वचेच्या आणि आकाशाच्या फिकट छटांमध्ये जवळून पाहिल्यास बारीक ठिपके दिसू शकतात. सहारंगी यंत्रांत ही उणीव बरीच भरून निघते. एप्सनच्या एल ८०५० मध्ये फिका सायन आणि फिका मॅजेंटा हे दोन रंग अधिक असतात, तर कॅननच्या जी ५७० मध्ये लाल आणि करडा. हाती चाररंगी यंत्र असेल, तर त्यावरच सुरुवात करावी; केवळ फोटोंसाठी नवे यंत्र घ्यायचे असेल, तर मात्र सहारंगीच घ्यावे.

शाईच्या जाती दोन आहेत. डाय शाईत रंग पूर्ण विरघळलेला असतो, ती कागदाच्या थरात मुरते आणि चकचकीत कागदावर रंग झळाळतात. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात, ते पृष्ठभागावर बसतात आणि प्रकाशात जास्त काळ टिकतात. अनेक चाररंगी यंत्रांत काळी शाई पिगमेंटची आणि बाकीचे तीन रंग डायचे असतात. अशी यंत्रे चकचकीत कागदावर बहुधा ती काळी शाई वापरतच नाहीत, तर तीन रंग मिसळून काळा बनवतात. कृष्णधवल फोटोला कधी हिरवट तर कधी जांभळट छटा येते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते.

खोक्यावर छापलेला ५७६० बाय १४४० हा आकडा पाहून भारावून जाऊ नये. तो शाईचे थेंब किती जवळजवळ ठेवता येतात हे सांगतो. फोटोत तेवढा तपशील उमटेल असा त्याचा अर्थ नाही.

कागद

साध्या कागदावर शाई तंतूंमधून पसरते, म्हणून त्यावर फोटो कधीच नीट येत नाही. फोटो कागदावर शाई जागच्या जागी शोषून घेणारा थर असतो. चांगल्या कागदात मूळ कागदाच्या दोन्ही बाजूंना प्लॅस्टिकसारखा राळेचा लेप असून वर सूक्ष्म छिद्रांचा शोषक थर असतो. दुकानात असा कागद आरसी या नावाने मिळतो. स्वस्त चकचकीत कागदात हा राळेचा लेप नसतो, त्यामुळे जास्त शाई पडली की तो लाटांसारखा उठतो.

वजनासाठी जीएसएमचा, म्हणजे दर चौरस मीटरला किती ग्रॅम याचा, आकडा पाहावा. छायाप्रतीचा कागद ७० ते ८० जीएसएमचा असतो, तर फोटोसाठी २०० ते २७० जीएसएमचा कागद हाताला भरीव लागतो. आपला प्रिंटर किती जाड कागद ओढू शकतो, हे खरेदीपूर्वी त्याच्या पुस्तिकेत पाहावे. मागच्या बाजूने कागद घेणारी यंत्रे जाड कागद बहुधा विनातक्रार घेतात. समोरच्या ट्रेमधून घेणाऱ्या यंत्रांत कागदाला आत वळण घ्यावे लागते आणि तिथे तो अडकण्याची शक्यता वाढते.

पृष्ठभागांपैकी ग्लॉसी सर्वांत झळाळता, पण त्यावर बोटांचे ठसे आणि दिव्याचे प्रतिबिंब पटकन दिसते. मॅट कागद शांत दिसतो आणि काचेच्या चौकटीसाठी उत्तम, मात्र त्यावर काळा रंग तेवढा खोल उतरत नाही. दोहोंच्या मध्ये, किंचित दाणेदार असा लस्टर कागद असतो. माझा कौल नवशिक्यांसाठी लस्टरकडेच आहे, कारण तो रंगही राखतो आणि हाताळणीही सोसतो. काहीही निवडावे, पण पहिले पाकीट संपेपर्यंत कागद बदलू नये. कागद बदलला की रंगही बदलतात आणि दोष यंत्राचा, फाइलचा की कागदाचा, हे कळेनासे होते. यंत्राच्याच कंपनीचा कागद थोडा महाग पडतो, पण त्याची सेटिंग ड्रायव्हरमध्ये आधीच असते. पहिल्या पाकिटासाठी तेवढा खर्च करावा.

फाइलची तयारी

प्रिंट हातात धरून पाहायची असेल, तर इंचाला ३०० पिक्सेल हे प्रमाण पुरेसे आहे. त्यानुसार ४ बाय ६ इंचांसाठी १२०० बाय १८००, ५ बाय ७ साठी १५०० बाय २१०० आणि ए४ साठी साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. बारा मेगापिक्सेलच्या मोबाइलमधला फोटो सुमारे ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा असतो, म्हणजे ए४ आकारापर्यंत त्याची अडचण नाही. इंचाला २०० पिक्सेलपर्यंतही भिंतीवर लावण्याजोगी प्रिंट मिळते, कारण ती थोड्या अंतरावरून पाहिली जाते.

अडचण येते ती व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोंची. तिथे नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो आकाराने लहान होतो आणि दाबलाही जातो. ४ बाय ६ इंचांसाठी त्याचे पिक्सेल कधीकधी पुरतात, पण चेहऱ्याच्या कडांना आणि आकाशाला चौकोनी डाग दिसू लागतात. म्हणून पाठवणाऱ्याला तो फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे किंवा ईमेलने मागवावा.

पुढचा प्रश्न आकाराच्या प्रमाणाचा. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतो आणि ४ बाय ६ इंचांचा कागद ३:२ प्रमाणात. कागद पूर्ण भरायचा झाल्यास आडव्या फोटोच्या उंचीतला नववा भाग कापला जातो, आणि हे काम प्रिंटरवर सोडले तर उभ्या असलेल्या आजोबांचे पाय किंवा फेट्याचा तुरा जाण्याची शक्यता असते. त्यामुळे क्रॉप आधी स्वतः करावा. काहीही कापायचे नसेल, तर दोन बाजूंना पांढरी पट्टी ठेवून छापावे. ते मुळीच वाईट दिसत नाही.

स्क्रीनचा उजेड

घरच्या छपाईत सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे फोटो स्क्रीनवर छान दिसतो, पण कागदावर काळपट येतो. स्क्रीन स्वतः प्रकाश देते, कागद फक्त पडलेला प्रकाश परत करतो. दुकानातून आणलेला मॉनिटर किंवा लॅपटॉप भडक उजेडावर असतो, आणि अशा स्क्रीनवर फोटो बघून आपण तो नकळत गडद करतो किंवा आहे त्यालाच पुरेसा उजळ समजतो. छपाईसाठी स्क्रीनचा उजेड साधारण १०० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर असावा, असे मानले जाते. मोजण्याचे उपकरण नसल्यास खिडकीजवळ, थेट ऊन पडणार नाही अशा जागी पांढरा कोरा फोटो कागद धरावा, शेजारी स्क्रीनवर रिकामे पांढरे पान उघडावे आणि दोन्ही पांढरेपणा जवळजवळ सारखा भासेपर्यंत उजेड कमी करत जावे. रात्री स्क्रीन पिवळसर करणारी सोय फोटो सुधारताना बंद ठेवावी.

रंगांसाठी सुरुवातीला एसआरजीबी एवढीच रंगपद्धती वापरावी. आयफोनचे फोटो बहुधा डिस्प्ले पी३ या अधिक विस्तृत पद्धतीत असतात. ते समजून न घेणाऱ्या सॉफ्टवेअरमधून छापल्यास रंग मलूल येतात, म्हणून आधी एसआरजीबीत बदलून घ्यावेत. फोटो सुधारण्याच्या, मोफत मिळणाऱ्या गिंप या सॉफ्टवेअरमध्ये हे काम सहज होते.

छपाईची आज्ञा देताना

मोबाइलवरून छापणे सोपे असले, तरी तिथे कागदाचे पर्याय मोजकेच मिळतात. म्हणून संगणकावरून, कंपनीचा पूर्ण ड्रायव्हर बसवून छापावे. प्रिंटची खिडकी उघडल्यावर थेट बटण न दाबता प्रॉपर्टीजमध्ये जावे. तिथे कागदाचा आकार निवडावा आणि लगेच कागदाचा प्रकार पाहावा. हा पर्याय मुळात प्लेन पेपरवर असतो. तो तसाच राहिला, तर ड्रायव्हर साध्या कागदाच्या हिशेबाने शाई टाकतो आणि महागड्या ग्लॉसी कागदावर डबके किंवा फिकट पट्टे उमटतात. हाती ग्लॉसी किंवा लस्टर असेल तर त्याच्याशी जुळणारा फोटो पेपरचा पर्याय, आणि मॅट असेल तर मॅटचा पर्याय निवडावा. त्यानंतर दर्जा हाय ठेवावा आणि हायस्पीड किंवा दोन्ही दिशांनी छपाईची सोय बंद करावी; वेळ जास्त लागतो, पण आडव्या रेषा कमी होतात.

रंगांचे नियंत्रण एकाच ठिकाणी असावे. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये कागदाचे प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उतरतात हे सांगणारी फाइल) लावून ते तिथूनच सांभाळायचे असेल, तर ड्रायव्हरमधील रंगसुधारणा पूर्ण बंद करावी. प्रोफाइल नसेल, तर सगळे प्रिंटरवर सोपवावे. दोन्ही चालू राहिले, तर त्वचा लालभडक निघते आणि नवशिका निष्कारण शाईला दोष देतो.

कागद ठेवताना छापायची बाजू ओळखणे आवश्यक आहे. ती सहसा अधिक पांढरी आणि गुळगुळीत असते. शंका असल्यास किंचित ओल्या बोटाने कागदाचा कोपरा स्पर्शून पाहावा, लेपाची बाजू बोटाला चिकटते. मागून कागद घेणाऱ्या यंत्रांत ती बाजू बहुधा आपल्याकडे तोंड करून ठेवतात. बॉर्डरलेस, म्हणजे पांढरी कड न सोडता केलेल्या, छपाईत ड्रायव्हर फोटो थोडा मोठा करून कडा बाहेर सोडतो, म्हणून कडेला महत्त्वाचे काही नसावे. पहिल्या काही प्रिंट पांढऱ्या कडेसह काढाव्यात, असे मी सुचवेन.

चाचणीची पट्टी

पूर्ण ए४ कागदावर थेट छापणे टाळावे. ४ बाय ६ इंचांच्या एका कागदावर त्याच फोटोचा महत्त्वाचा भाग, म्हणजे चेहरा आणि सावलीतला तपशील, चार वेळा ठेवावा: एक जसाच्या तसा आणि बाकी तीन क्रमाने थोडे अधिक उजळ केलेले. प्रत्येकाखाली उजेड किती वाढवला ते लिहावे. प्रिंट निघाल्यावर लगेच निर्णय करू नये, कारण शाई वाळताना रंग किंचित बदलतात. अर्ध्या-एका तासाने दिवसाच्या प्रकाशात पाहून ठरवावे. पिवळ्या बल्बखाली पाहिल्यास पांढरेसुद्धा पिवळट दिसते. या पट्टीवरून निवडलेला आकडा त्याच कागदावरच्या पुढच्या बहुतेक फोटोंना लागू पडतो. याच आकाराच्या कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ पासपोर्ट फोटो बसतात, हे जाता जाता सांगायला हवे.

वाळवणे आणि जपणे

प्रिंट हाताला कोरडी लागली, तरी शाईतले द्रव हळूहळू उडत असतात. ती लगेच काचेमागे घातल्यास काचेवर धुके धरते, म्हणून चौकटीत किंवा अल्बममध्ये घालण्यापूर्वी किमान एक दिवस मोकळी ठेवावी. पावसाळ्यात दोन दिवस बरे. काच आणि फोटो यांच्यामध्ये माउंटबोर्ड, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, असावा, कारण दमट हवेत काचेला चिकटलेला फोटो नंतर सोडवता येत नाही. डाय शाईच्या प्रिंट उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने फिकट होतात. उघड्यावर खिळ्याने टांगण्यापेक्षा काचेमागे किंवा अल्बममध्ये त्या बऱ्याच जास्त टिकतात. अल्बम पीव्हीसीचा नसावा.

उरलेला कागद त्याच्याच पाकिटात, सपाट आणि बंद करून ठेवावा. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर या काळात सिलिका जेलची पुडी सोबत ठेवली, तर कागद वाकणे आणि दोन पाने एकदम ओढली जाणे टळते.

यंत्राची निगा

इंकजेट न वापरल्यानेच बिघडतो. आठवड्यातून एकदा सगळे रंग येतील असे छोटे चित्र छापावे. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने नव्हे, त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करावा, म्हणजे हेड जागेवर जाऊन झाकले जाते आणि छिद्रांतली शाई सुकत नाही. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर ही काळजी विशेष घ्यावी. रेषा तुटक येऊ लागल्यास आधी नोझल चेक, म्हणजे छिद्रांची तपासणी करणारी रेषांची प्रिंट, काढावे आणि रेषा खरोखर तुटलेल्या दिसल्या तरच हेड क्लिनिंग करावे. क्लिनिंगमध्ये बरीच शाई वाया जाते आणि ती आतल्या शोषक पॅडमध्ये साठते, म्हणून ते सलग दोनदापेक्षा जास्त करू नये. फरक पडला नाही, तर यंत्र बारा तास बंद ठेवून पुन्हा नोझल चेक काढावे, कारण त्या वेळात सुकलेली शाई पुष्कळदा आपोआप मोकळी होते.