पॉइंटिंग कुत्रा हंट टेस्टमध्ये का अडकतो? या चुका टाळा

शिकारी कुत्र्यांच्या हंट टेस्टमधली पहिली पायरी, म्हणजे ज्युनियर टेस्ट, चालू आहे. कुत्रा गवतात एकदम थबकतो, मान ताणलेली, शेपटी काठीसारखी ताठ. पॉइंट, म्हणजे लपलेल्या पक्ष्याचा गंध येताच थबकून त्याची जागा दाखवणं, उत्तम आहे. आणि मागून हँडलर, म्हणजे कुत्र्याला घेऊन आलेला माणूस, "जागेवर थांब" असा हुकूम सुरू करतो, "व्हो! व्हो! अरे व्हो!" तिसऱ्या हाकेला शेपटीचं टोक हलायला लागतं, चौथ्या हाकेला कुत्रा मागे वळून बघतो, आणि तेवढ्यात लावा भुर्रकन उडतो. गंमत अशी, की ज्युनियरमध्ये कुत्रा उडालेल्या पक्ष्यामागे धावला तरी चालतं. हँडलर ज्यासाठी घसा फोडत होता ते कोणी मागितलंच नव्हतं.

म्हणजे सगळ्यात मोठी चूक नियमपुस्तक न वाचण्याची. अमेरिकन केनेल क्लबच्या हंटिंग टेस्टमध्ये ज्युनियर, सिनियर आणि मास्टर अशा तीन पायऱ्या आहेत. ज्युनियरमध्ये चारच गोष्टी बघतात: शोधण्याची ओढ, पक्षी सापडणं, पॉइंट आणि शिकवलेलं ऐकणं. सिनियरपासून त्यात पक्षी आणून देणं आणि सोबत सोडलेल्या जोडीदार कुत्र्याचा पॉइंट दिसताच स्वतःही थांबून त्याचा मान राखणं, ज्याला ऑनर म्हणतात, हे दोन विषय वाढतात. सिनियरच्या कुत्र्यानं निदान बार होईपर्यंत जागेवर राहायचं. मास्टरच्या कुत्र्यानं पक्षी उडाला, बार झाला, पक्षी पडला तरी हुकूम मिळेपर्यंत हलायचं नाही आणि पक्षी थेट हातात द्यायचा. प्रत्येक विषयाला 10 पैकी गुण असतात. एकाही विषयात 5 च्या खाली जाऊन चालत नाही आणि सरासरी किमान 7 लागते. त्यामुळे पॉइंटला 10 मिळाले म्हणून शोधातले 4 भरून निघत नाहीत.

फील्ड ट्रायलचं गणित वेगळं. तिथे कुत्रा ठरलेल्या निकषाशी नव्हे, दुसऱ्या कुत्र्यांशी झुंजतो आणि नंबर काढले जातात. टेनेसीतल्या एम्स प्लँटेशनवर होणाऱ्या नॅशनल चॅम्पियनशिपला एकेक फेरी तीन तासांची असते आणि परीक्षक घोड्यावरून मागे असतात. तिथला लांब पल्ल्याचा कुत्रा बघून आल्यावर लोक आपल्या ज्युनियरच्या पिल्लाला तसाच मोकळा सोडतात. पायी चालणारा हँडलर पोहोचेपर्यंत पक्षी कुठे आणि कुत्रा कुठे! आधी कशाची तयारी करायची ते ठरवा.

आता शेपटीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त प्रश्न तिच्याबद्दलच येतात. पॉइंटवर शेपटी हलण्याला फ्लॅगिंग म्हणतात. बहुतेक वेळा कुत्र्याला शंका असते: पक्षी अजून तिथेच आहे का, की गेला? मागे उभा असलेला माणूस चिडलाय का? यावर लोक नेमका उलटा उपाय करतात. कुत्र्याला पाच-पाच मिनिटं पॉइंटवर उभं ठेवून कुरवाळतात आणि पुन्हा पुन्हा "व्हो" म्हणतात. त्यानं शंका वाढतेच. तोंड बंद ठेवा, पटकन पुढे जाऊन पक्षी उडवा. आणि सरावातला पेंगलेला, पिंजऱ्यातला पक्षी बदला. धरायला गेलं की निसटून उडतो असा पक्षी कुत्र्याला जेवढं शिकवतो, तेवढं आपण शिकवू शकत नाही.

इथे लाँचर, म्हणजे रिमोटनं उघडून आतला पक्षी उडवणारी पेटी, कामाला येतो, पण तोही नीट वापरायला हवा. कुत्र्याला वाऱ्याला आडवा आणा, म्हणजे गंध लांबूनच नाकात शिरेल. पॉइंट धरून तो पुढे सरकायला लागला की रिमोट दाबा, पक्षी उडू द्या. काही बोलू नका. मात्र लाँचर कधीही नाकासमोर उघडू नका. त्या खटक्याला घाबरलेलं पिल्लू पुढे पक्ष्यालाच घाबरतं.

पक्षी लपवतानाची एक चूक मी स्वतः केली आहे. आमची ब्रिटनी जातीची कुत्री सरावात नाक जमिनीला लावून सरळ लाव्यापाशी जायची, आणि मी "काय नाक आहे पोरीचं!" म्हणून खूश. ती माझ्याच बुटांचा माग काढत होती. टेस्टच्या मैदानात बूट माझे नव्हते, त्यामुळे बाईसाहेब लाव्यापासून पाच पावलांवरून खुशाल निघून गेल्या. तेव्हापासून पक्षी ठेवायला मी कुत्रा येणार त्याच्या उलट बाजूनं जातो आणि झुडूप दर वेळी बदलतो.

शॉक कॉलरबद्दल मी कडकच बोलणार. पक्ष्याजवळ झटका किंवा ओरडा मिळाला, तर कुत्रा चूक आणि शिक्षा यांची नव्हे, पक्षी आणि शिक्षा यांची सांगड घालतो. मग गंध आला की तो मान फिरवून दुसरीकडे निघतो. याला ब्लिंकिंग म्हणतात आणि ते सुधारायला महिने जातात. "व्हो" आधी अंगणात, दारात, जेवणाच्या भांड्यासमोर पक्कं करा. पक्षी त्यानंतर.

बंदुकीचंही तसंच. सवय व्हावी म्हणून पिल्लाला शूटिंग रेंजवर नेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. कुत्रा पक्ष्यामागे बेभान धावत असताना मित्राला शंभरेक पावलांवरून लहान ब्लँक पिस्तूल (गोळी नसलेलं, नुसता आवाज करणारं) उडवायला सांगा आणि कान-शेपटी बघत बघत अंतर कमी करा. 1969 मध्ये स्थापन झालेली नॉर्थ अमेरिकन व्हर्सटाइल हंटिंग डॉग असोसिएशन नैसर्गिक क्षमतेच्या चाचणीत 16 महिन्यांपर्यंतची पिल्लं घेते. तिथे पक्का स्थिरपणा मागत नाहीत, पण बंदुकीची भीती नक्की तपासतात.

ऑनर कुत्र्याला एकट्यानं शिकवता येत नाही. जोडीदाराचा पॉइंट चोरणारा कुत्रा तिथेच बाद होतो, म्हणून एखाद्या स्थिर कुत्र्याच्या मालकाशी दोस्ती करा. कोणी नसेल तर कुत्र्याच्या आकाराचा कापलेला प्लायवूडही सुरुवातीला चालतो.

मास्टरच्या तयारीत एक सापळा हमखास लागतो. प्रत्येक पडलेला पक्षी कुत्र्यालाच आणू दिला की तो बार होण्याआधीच सुटायला लागतो. सरावातले निम्मे पक्षी स्वतः चालत जाऊन उचला आणि त्याला उभं राहून बघू द्या.

पक्षी उडवायला जातानाही कुत्र्याच्या मागून, अंगावर आल्यासारखं सरळ जाऊ नका. तो दबतो किंवा पुढे सरकतो. त्याला दिसेल असं बाजूनं, थोडा वळसा घालून पुढे या. हात खाली, नजर गवतावर, कुत्र्यावर नाही.