जुना चॅम्प मुंबईत सांभाळताना: खोड कुठली, बिघाड कुठला

गिटारचा जुना अ‍ॅम्प घरी आला की हात शिवशिवतात, पण प्लग लगेच भिंतीत घालू नका. अमेरिकेहून आलेला फेंडर चॅम्प असेल तर मुळीच नाही. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. सरळ लावलात तर फ्यूज उडेल. पूर्वीच्या कोणी फ्यूजच्या जागी तार गुंडाळून ठेवली असेल, तर मेन ट्रान्सफॉर्मरच जळेल.

मी लिहितेय ते १९७० च्या आसपासच्या, चंदेरी पट्टीच्या चॅम्पबद्दल. माझ्याकडे तोच आहे आणि गेली कित्येक वर्षं मी तोच वाजवते. पाच-सहा वॅट, ८ इंची स्पीकर, व्हॉल्यूम, ट्रेबल आणि बेस अशी तीन बटणं. आत तीनच व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या नळ्या: गिटारचा क्षीण सिग्नल वाढवणारा १२ एएक्स ७, स्पीकर हलवणारा ६ व्ही ६ जीटी आणि एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर ५ वाय ३. सगळं सर्किट वहीच्या एका पानावर मावतं. बाबा लॅमिंग्टन रोडला व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताखाली जे शिकले ते या अ‍ॅम्पला जसंच्या तसं लागू पडतं, कारण चॅम्प म्हणजे रेडिओचाच सख्खा भाऊ.

लोक अ‍ॅम्प घेऊन येतात ते बहुतेक वेळा "व्हॉल्व्ह गेलाय" असं ठरवूनच, आणि तोवर महागडे नवे व्हॉल्व्ह आणूनही झालेले असतात. बिघाड मात्र निघतो विजेत, दमट हवेत नाहीतर एखाद्या गंजलेल्या जोडात. काही तक्रारी तर बिघाडाच्या नसतातच, ती त्या अ‍ॅम्पची खोड असते. ही दोन वेगळी करता आली की चॅम्पइतका भरवशाचा अ‍ॅम्प नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी वीज

स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तो २३० चे ११० करणारा, १२० करणारा नको. कारण नीट समजून घ्या. चॅम्पचा मेन ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला आहे, आपल्याकडे ५० हर्ट्झ. व्होल्टेज तेच आणि फ्रिक्वेन्सी कमी झाली की लोखंडी गाभ्यावरचा चुंबकीय ताण एक पंचमांशाने वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर जास्त तापतो. ११० वर तो ताण बराच उतरतो. व्हॉल्व्हला आतून तापवणारा ६.३ व्होल्टचा फिलामेंट त्यामुळे ५.८-५.९ वर येतो, पण तेवढं त्याला चालतं. शिवाय आपल्या घरात रात्री २४० दिसलं तर ११० चे आपोआप ११५ होतात, तेही हिशोबात धरा.

ट्रान्सफॉर्मर दोन वेगळ्या वाइंडिंगचा हवा. ऑटो ट्रान्सफॉर्मर स्वस्त मिळतो, पण त्यात आतली एक जोडणी तुटली की पूर्ण २३० पुढे जाऊ शकतात. प्रवासात हेअर ड्रायरसाठी वापरतात तो चिमुकला इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर तर या कामाचाच नाही. २०० व्हीएचा पुरेसा होतो. लॅमिंग्टन रोडला असे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारे आहेत. त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगा: वाइंडिंग वेगळं, आणि बाहेर येणाऱ्या सॉकेटला अर्थिंगची पिन. ही दुसरी गोष्ट हमखास राहते. तयार डब्यांवर बहुधा अमेरिकन दोन पिनांचं सॉकेट असतं आणि अर्थिंग तिथेच संपतं.

जुन्या अ‍ॅम्पची वायर दोन पिनांची असेल तर ती काढून तीन कोअरची वायर बसवायचीच. हिरवी, अर्थिंगची वायर चासीला, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याला, वेगळ्या बोल्टने घट्ट, फेज आधी फ्यूजला आणि तिथून स्विचला. दोन पिनांच्या जमान्यात विजेच्या एका वायरीपासून चासीपर्यंत एक छोटा कंडेन्सर टाकलेला असे. तो काढून टाका. तो शॉर्ट झाला तर फेज थेट गिटारच्या तारांवर येते. आपण मूळ पार्ट जपावेत या मताची मी आहे, पण या एका पार्टबाबत नाही.

भिंतीतलं अर्थिंगही तपासा. गिरगाव, परळच्या जुन्या इमारतींत तीन पिनांचं सॉकेट दिसतं, म्हणून आत अर्थिंग असेलच असं नाही. मल्टिमीटरने फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण २३० यायला हवेत, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये एक-दोन व्होल्ट. तसे येत नसतील तर वायरमनला बोलवा. गणपतीच्या मंडपात वाजवायला जाल तेव्हा तर हे आधी बघा. ओली जमीन, एकाला एक जोडलेले एक्स्टेन्शन बोर्ड आणि माइकला लागलेले ओठ असा तो सगळा मामला असतो. हम, म्हणजे सतत घुमणारी घरघर, येतोय म्हणून अर्थिंगची पिन काढणारे मी पाहिलेत. असं कधीही करू नका.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब लावा. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब ट्रान्सफॉर्मरच्या २३० च्या बाजूला सिरीजमध्ये. आधी ५ वाय ३ काढून ठेवा, म्हणजे आत मोठं व्होल्टेज तयार होणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. मग ५ वाय ३ बसवून पुन्हा बघा. बल्ब लख्ख पेटलेलाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. बंद करा आणि शोधा.

आत हात घालण्याआधी

आत ३०० हून जास्त व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते कंडेन्सरमध्ये राहू शकतात. हे जिवावर बेतू शकतं, म्हणून घाई नको. १० किलोओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टन्स घ्या, दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या क्लिपा लावा. एक क्लिप चासीला, दुसरी मोठ्या कंडेन्सरच्या प्लसला. दहा-पंधरा सेकंद थांबा, मग मीटर लावून आकडा एक-दोन व्होल्टवर आला का ते डोळ्यांनी बघा. चालू अ‍ॅम्पवर काही मोजायचं झालं तर एकच हात आत, दुसरा पाठीमागे. आणि हे करताना मन घाबरत असेल तर जाणकाराकडे द्या, त्यात काही कमीपणा नाही.

हम ऐकायचा कसा

थोडा हम ही चॅम्पची खोड आहे. त्यात आउटपुटचा एकच व्हॉल्व्ह आहे. मोठ्या अ‍ॅम्पमध्ये दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करताना एकमेकांचा बराच हम मारतात, तसं इथे होत नाही. वाजवायला लागल्यावर लक्षात न येणारा हम सोडून द्या.

जास्त असेल तर आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. हम गेला तर तो व्हॉल्यूमच्या अलीकडचा आहे: गिटार, केबल, इनपुटचा जॅक किंवा १२ एएक्स ७ चा पहिला अर्धा. तसाच राहिला तर पॉवर सप्लाय किंवा ६ व्ही ६ कडे बघायचं. आता गिटारची सर्वांत जाड तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून छेडा. तो सूर ९८ हर्ट्झचा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर रेक्टिफायरनंतर उरणारा हम असतो १०० हर्ट्झचा, म्हणजे जवळजवळ तोच सूर. अ‍ॅम्पची घरघर या सुरापाशी बसत असेल तर फिल्टर कंडेन्सर, म्हणजे पॉवर सप्लायमधले ते मोठे कंडेन्सर, सुकलेत. घरघर त्याच्या खालच्या सप्तकात, बोदी आणि मऊ असेल तर ती ५० हर्ट्झची: फिलामेंटच्या वायरी किंवा एखादं सैल अर्थिंग. अमेरिकन लेखांमध्ये १२० हर्ट्झ लिहिलेलं असतं, ते तिकडच्या विजेचं. इथे बसून तो सूर शोधत राहिलात तर सापडणार नाही.

कंडेन्सर सुकल्याची आणखी एक खूण म्हणजे वरच्या फ्रेटवर लांब सूर धरला की त्याच्या मागे दुसराच, बेसूर आवाज पुटपुटतो. पन्नास वर्षांचा कंडेन्सर फुगलाय का, गळतोय का, हे तपासत बसू नका, बदला. मूळ २० मायक्रोफॅरडच्या जागी २२ चालतो, व्होल्टेज ४५० किंवा जास्त. पण "मोठा टाकला की हम जातो" म्हणून पहिला कंडेन्सर चौपट करू नका. चालू होतानाचा सगळा ताण ५ वाय ३ वर येतो.

घरातली एक गोष्ट सगळे विसरतात, ती म्हणजे पंख्याचा रेग्युलेटर. डिमर पद्धतीचा रेग्युलेटर मधल्या वेगावर असताना गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपमध्ये तिखट बझ आणतो. पंखा पूर्ण वेगावर किंवा बंद करून बघा. आणि अ‍ॅम्पमधून मध्येच आकाशवाणी ऐकू येत असेल तर दचकू नका. आकाशवाणीचे ट्रान्समीटर मालाडला मालवणीकडे आहेत, त्या बाजूच्या लोकांना हे जास्त जाणवू शकतं. केबलचं शिल्डिंग तुटलेलं असतं किंवा जॅकवर गंजाचा थर असतो, आणि तोच थर रेडिओच्या डिटेक्टरचं काम करतो. जॅकच्या आत एक छोटी पत्ती असते, गिटार लावलेली नसताना ती इनपुट चासीला जोडून शांत ठेवते. जाड कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवा, पत्ती आणि तिच्या खालच्या टोकाच्या मधे सरकवा आणि हलकेच ओढा. कागदावर काळी रेघ उमटेल. रेघ उमटेनाशी झाली की थांबा. पॉलिशपेपर मात्र लावू नका, मुलामा निघून जातो.

पावसाळा

मुंबईत चॅम्पचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर असतो. आतले पार्ट काळ्या, मेण लावलेल्या फायबर बोर्डवर पितळी आयलेटमध्ये, म्हणजे छोट्या कड्यांमध्ये, सोल्डर केलेले असतात. हा बोर्ड वर्षानुवर्षं ओल पितो आणि थोडीथोडी वीज स्वतःमधूनच पलीकडे जाऊ देतो. लक्षण असं, की चालू केल्यावर तडतड, कढईत मोहरी तडतडावी तशी, आणि अ‍ॅम्प तापल्यावर अर्ध्या तासात आपोआप कमी. लोक यावर १२ एएक्स ७ बदलतात, आणि तेवढ्या वेळात अ‍ॅम्प तापलेला असल्यामुळे गुण आला असं वाटतं.

पडताळायचं असं: मीटरची काळी पिन चासीला, लाल पिन दोन आयलेटच्या मधल्या कोऱ्या बोर्डवर, धातूला न लावता. तिथे शून्य यायला हवं. काही व्होल्ट दिसले तर बोर्ड ओला आहे. अ‍ॅम्प बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, हेअर ड्रायर कमी आचेवर लांबून फिरवा. हीट गन नको, मेण वितळतं. दरवर्षी तेच होत असेल तर १२ एएक्स ७ च्या ग्रिडकडे, म्हणजे सिग्नल आत घेणाऱ्या टोकाकडे, जाणारी वायर आयलेटमधून सोडवून हवेतच जोडावी. माझ्या अ‍ॅम्पला याच उपायाने कायमचा आराम पडला. तडतड ओलीची नसेल, बारा महिने असेल, तर १२ एएक्स ७ च्या प्लेटला, म्हणजे सिग्नल बाहेर देणाऱ्या टोकाला, लागलेले १०० किलोओहमचे जुने कार्बन रेझिस्टन्स बघा.

अ‍ॅम्प ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टेकवू नका. सिलिका जेलच्या पुड्या मागे ठेवा, आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्धा-पाऊण तास वाजवा. व्हॉल्व्हची ऊब आतली ओल काढते. स्पीकरच्या कागदावर बुरशी आली तर कोरडा मऊ ब्रश, ओलं फडकं कधीच नाही.

व्हॉल्व्ह

आता व्हॉल्व्ह. ६ व्ही ६ च्या काचेच्या आतल्या बाजूला निळसर उजेड दिसतो, तो निरुपद्रवी. प्लेटांच्या मधोमध जांभळा धूर भरल्यासारखा दिसला तर व्हॉल्व्हमध्ये हवा शिरली आहे. करडी प्लेटच लालबुंद झाली तर त्याच क्षणी बंद करा. अशा वेळी नुसता ६ व्ही ६ बदलू नका, आधी त्याच्या ग्रिडला सिग्नल पोचवणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय का ते मोजा, नाहीतर नवाही तसाच जाईल.

चॅम्पला बायस, म्हणजे ६ व्ही ६ चा करंट, हाताने लावावा लागत नाही. ६ व्ही ६ च्या कॅथोडला ४७० ओहमचा रेझिस्टन्स आहे, तोच सांभाळून घेतो. त्याच्यावर २० व्होल्ट आले म्हणजे साधारण ४२ मिलिअँप करंट वाहतोय. रेझिस्टन्स स्वतः ४७० आहे ना, तेही मोजा, जुने असले की किंमत सरकते.

बाजारात कोणी "६ एल ६ लाव, पिना सारख्याच" म्हणेल. पिना बसतात हे खरं. पण त्याचा फिलामेंट ०.९ अँपिअर खातो, ६ व्ही ६ चा ०.४५. आधीच ५० हर्ट्झवर तापणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर हा बोजा टाकू नका. ५ वाय ३ च्या जागी ५ यू ४ ही याच कारणाने नको: दोनऐवजी तीन अँपिअर. १२ एएक्स ७ चं युरोपीय नाव ईसीसी ८३, तो बिनधास्त चालतो.

जोरात छेडल्यावर आवाज किंचित दबून मग फुलतो, त्याचं श्रेय बहुतेक जण ५ वाय ३ ला देतात, आणि मला चॅम्प आवडतो तो त्यासाठीच. ते "सुधारायला" कोणी ५ वाय ३ च्या जागी डायोड बसवू लागला तर नको म्हणा. दोन नंबरच्या इनपुटला आवाज कमी येतो, तीही त्याची मूळ रचनाच. आणि स्पीकरची वायर निघालेली असताना अ‍ॅम्प चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरला लोड लागतोच.

विकत घेताना

चोर बाजारात किंवा कोणाच्या घरून घेताना मागची फळी काढायला सांगा. ट्रान्सफॉर्मरवर ६०६ ने सुरू होणारा आकडा शूमाकर कंपनीचा, त्यापुढे वर्षाचा अंक आणि आठवडा. व्हॉल्यूमच्या पॉटवर, म्हणजे बटणामागच्या पार्टवर, १३७७१३३ असेल तर १३७ म्हणजे सीटीएस कंपनी, ७१ साल, ३३ वा आठवडा. अ‍ॅम्प त्याहून जुना असू शकत नाही. दोन्ही ट्रान्सफॉर्मर मूळचे असतील तर बाकीचं जुळवून घेता येतं. ते बदललेले असतील तर भाव निम्म्यावर आणूनच बोला. बॅफल, म्हणजे स्पीकर बसवलेली फळी, दाबलेल्या भुशाचा असेल तर खालच्या कडा बोटाने दाबून बघा, ओल लागून फुगलेल्या कडा लगेच कळतात.