थकवा, चिडचिड, पायाला मुंग्या: सप्लिमेंटची गोळी घेण्याआधी काय तपासायचं आणि मग ती कशी घ्यायची

आपल्याकडे बहुतेक घरांत औषधांच्या डब्यात मल्टीव्हिटॅमिनची अर्धी स्ट्रिप असते, कोणीतरी सुचवलेलं कॅल्शियम असतं, केस गळतात म्हणून आणलेलं बायोटिन असतं, शिवाय परदेशातून आलेली फिश ऑइलची बाटली, जिची तारीख कधीच उलटून गेलेली. आणि तरीही घरातलं कोणीतरी म्हणतच असतं की अंगात त्राण नाही, डोकं जड वाटतं, कशात लक्षच लागत नाही. गोळ्यांमध्ये फार वाईट काही नसतं हो, आपला क्रम उलटा असतो. आधी गोळी आणायची, मग बरं वाटतंय का बघायचं, आणि तपासणी केलीच तर सगळ्यात शेवटी. खाली सुलटा क्रम लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे डोस तुमच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, पण त्यांच्यासमोर बसल्यावर काय विचारायचं ते तरी कळेल.

पहिली पायरी: कागद घ्या आणि लिहून काढा

एका बाजूला त्रास लिहा. जिना चढताना धाप लागते का, तळपायाला मुंग्या येतात किंवा आग होते का, जीभ लाल होऊन चुरचुरते का, रात्री पाय सारखे हलवावेसे वाटतात का, शब्द आठवत नाहीत का, लहानसहान गोष्टींवरून चिडचिड होते का. एक प्रश्न विचारायला लोक लाजतात: माती, खडू, कच्चे तांदूळ किंवा बर्फ खायची इच्छा होते का? होत असेल तर लोह कमी असण्याची शक्यता बरीच आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसऱ्या बाजूला सध्या चालू असलेली औषधं लिहा. डायबिटीसची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर व्हिटॅमिन बी१२ नीट शोषलं जात नाही, आणि ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल ह्या गोळ्या लोक चहाबिस्किटासारख्या रोज घेतात, त्यांचंही तेच. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, झोप किती होते, दिवसाला चहा किती, आठवड्यात उपास किती, हेही तिथेच लिहा.

शरीर आणि मन असे दोन वेगळे कप्पे करू नका. मज्जातंतूंवरचं आवरण टिकवायला बी१२ लागतं, मेंदूतलं डोपामिन तयार व्हायला लोह लागतं, म्हणून हे कमी पडलं की पायाच्या मुंग्यांबरोबर विसरभोळेपणा आणि उदासीही येऊ शकते. पण उलट बाजूही लक्षात ठेवा, प्रत्येक उदासी ही काही व्हिटॅमिनची कमतरता नसते.

दुसरी पायरी: रक्त तपासा, पण ऐंशी टेस्टचं पॅकेज नको

साधारण थकव्यासाठी एवढ्या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, हिमोग्लोबिन त्यातच येतं), फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी (रक्तातलं व्हिटॅमिन डी), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि साखर. पॅकेजमध्ये खूप आकडे येतात, त्यातले दोन-तीन जरा इकडेतिकडे असतातच, आणि मग माणूस त्या लाल अक्षरांकडे बघूनच आजारी पडतो.

टेस्टच्या आधीच्या तीन गोष्टी. बायोटिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा, नाहीतर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. बी१२ची गोळी किंवा इंजेक्शन टेस्टच्या आधी सुरू करू नका, आकडा लगेच वर जातो आणि मूळ कमतरता दिसतच नाही. आणि ताप किंवा इन्फेक्शन चालू असताना फेरिटिन करू नका, कारण तेव्हा ते खोटं वाढलेलं दिसतं.

आकडे वाचायचे कसे? हिमोग्लोबिन बायकांत १२च्या खाली आणि पुरुषांत १३च्या खाली म्हणजे ॲनिमिया, गरोदरपणात ही रेघ ११ची. फेरिटिन १५च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलाच, पण बरेच डॉक्टर ३०च्या खालीच उपचार सुरू करतात, आणि हिमोग्लोबिन नॉर्मल असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं, हे बायकांच्या बाबतीत तर हमखास निसटतं. बी१२ २००च्या खाली म्हणजे कमी, २०० ते ३०० म्हणजे संशयाची जागा, तिथे लक्षणं असतील तर डॉक्टर होमोसिस्टीन बघायला सांगतात, बी१२ कमी पडलं की रक्तातला हा घटक वाढतो. व्हिटॅमिन डी २०च्या खाली कमी धरतात.

सीबीसीमध्ये एमसीव्ही नावाचा आकडा असतो, म्हणजे लाल पेशीचा आकार. लोह कमी असेल तर पेशी लहान होते, बी१२ कमी असेल तर मोठी. दोन्ही कमी असेल तर? तर एकमेकांना काटून आकडा नॉर्मल येतो, आणि आपण रिपोर्ट फाइलला लावून मोकळे. आपल्या शाकाहारी घरांत दोन्ही एकत्र कमी असणं अजिबात दुर्मिळ नाही, म्हणून नुसत्या सीबीसीवर भागवू नका.

बी१२वर मी एवढा जोर का देतोय, तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली होती, २००६ साली ते प्रसिद्ध झालं, आणि त्यात ६७ टक्के पुरुषांत बी१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. म्हणजे दूध, तूप, फळं परवडणाऱ्या घरांतही.

तिसरी पायरी: ताट बघा

बी१२ फक्त प्राण्यांपासून मिळणाऱ्या पदार्थांत भरवशाचं मिळतं. मोठ्यांना दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं, आणि पाव लिटर दुधात साधारण एक मायक्रोग्रॅम असतं, अंड्यात त्याच्या निम्मं. आता हिशोब करा, दिवसभरात दोन कप चहातलं दूध आणि जेवणात पातळ ताक, एवढ्यावर कसं भागणार? वाटीभर घट्ट दही, पेलाभर दूध, पनीर असं खरंच रोज पोटात जायला हवं. मासे खाणाऱ्यांची काळजी कमी, बांगडा उत्तम, आणि कोकणात-गोव्यात खातात त्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, तर बी१२चं कोठारच. इडली, आंबील, आंबवलेलं पीठ किंवा स्पिरुलिना ह्यांच्यावर मात्र विसंबू नका, स्पिरुलिनातलं बरंचसं बी१२ आपल्या शरीराला वापरताच येत नाही.

लोहाचं गणित वेगळं. इथे किती खाल्लं यापेक्षा कशाबरोबर खाल्लं हे महत्त्वाचं. मोड आलेल्या मटकीची उसळ, त्यावर लिंबू पिळलेलं, हे चांगलं, कारण मोड आणल्याने लोह अडवणारे फायटेट कमी होतात आणि लिंबातलं सी व्हिटॅमिन शोषायला मदत करतं. त्याच उसळीबरोबर किंवा पोह्यांबरोबर चहा घेतला की चहातली टॅनिनं ते लोह धरून ठेवतात. नाश्त्याबरोबरचा चहा ही आपली लाडकी सवय आहे, माहितीये, पण तासभर मागे ढकला. अळिवात लोह भरपूर आहे, बाळंतिणीला अळिवाचे लाडू देणाऱ्या आज्या काही चुकत नव्हत्या. गूळ-खजुराची कीर्ती मात्र त्यांच्या कामापेक्षा मोठी आहे, आणि बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं हा निव्वळ रंगाचा गैरसमज.

प्रथिनं वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. पातळ वरण आणि भात खाऊन ते होत नाही, आणि साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास नुसता स्टार्च, दाण्याचं कूट हात सैल सोडून घाला. मिठाचंही बघा, हल्ली आरोग्यदायी म्हणून सैंधव वापरायची फॅशन आलीये, त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं.

नुसत्या ताटाने मूड सुधारतो का? २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या एका प्रयोगात डिप्रेशन असलेल्या ६७ जणांपैकी काहींना १२ आठवडे आहार सुधारायला मदत केली आणि बाकीच्यांना नुसती गप्पांची सोबत दिली, तर आहारवाल्या गटात फरक बराच जास्त दिसला. प्रयोग छोटा होता, आणि बऱ्याच जणांचे नेहमीचे उपचार चालूच होते, ते सोडून डाळ-भाजी सुरू केली असं झालेलं नाही.

चौथी पायरी: गोळी कोणत्या वेळी

इथे सगळ्यात जास्त घोळ होतात, कारण सकाळी चहाबरोबर सगळ्या गोळ्या एका घोटात गिळायची पद्धत.

लोहाची गोळी शक्यतो रिकाम्या पोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम ह्यांच्यापासून दोन तास लांब. पोटाला फारच त्रास झाला तर थोडं खाऊन घ्या, बंद करण्यापेक्षा ते बरं. रोजच्या ऐवजी एक दिवसाआड घेतली तर प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलंय, बद्धकोष्ठ होणाऱ्यांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावं. शौचाला काळं होतं, घाबरू नका. आणि ही गोळी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतात.

थायरॉइडची गोळी चालू असेल तर ती आणि लोह किंवा कॅल्शियम ह्यांच्यात चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडचा डोस वाढतच राहतो आणि का वाढतोय ते कोणालाच कळत नाही.

व्हिटॅमिन डी तूप-तेल असलेल्या जेवणानंतर. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल असते ती सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. ती रोजची समजून घेणारे लोक आहेत, मग रक्तात कॅल्शियम चढतं, उलट्या, सारखी तहान, बद्धकोष्ठ, आणि किडनीवर ताण. उन्हाचं म्हणाल तर कोवळ्या उन्हात फारसं डी बनत नाही, आपली सावली आपल्यापेक्षा छोटी असते तेव्हाचं ऊन कामाचं, आणि काचेच्या खिडकीआडून बसून काहीच उपयोग नाही.

बी१२ची गोळी १००० किंवा १५०० मायक्रोग्रॅमची बघून लोक दचकतात. त्यातलं जेमतेम एक टक्का आत जातं, म्हणून डोस एवढा मोठा. मुंग्या, तोल जाणं अशी लक्षणं असतील किंवा पोटातून शोषणच होत नसेल तर डॉक्टर इंजेक्शन देतात. नुसतं फॉलिक ॲसिड मात्र स्वतःच्या मनाने सुरू करू नका, त्याने ॲनिमिया सुधारलेला दिसतो आणि आत मज्जातंतूंचं नुकसान चालूच राहतं.

आणि स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा, प्लीज. नसांची गोळी म्हणून मिळते तिच्यात मिथाइलकोबालामिन, म्हणजे बी१२चाच एक प्रकार, आणि त्याबरोबर बऱ्याचदा प्रीगाबालिन हे नसांच्या दुखण्यावरचं औषध असतं, त्याने झोप आणि चक्कर येते, मग लोक म्हणतात व्हिटॅमिनने सुस्ती आली. तसंच बी६चा मोठा डोस महिनोन् महिने घेतला तर त्यानेच हातापायाला मुंग्या येतात, म्हणजे ज्यासाठी गोळी घेतली तोच त्रास.

पाचवी पायरी: विकत घेताना

पाकिटावर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी नंबर असतो, आणि हेल्थ सप्लिमेंटवर हे औषध म्हणून वापरू नये असं छापलेलं असतं. म्हणजे कंपनी स्वतःच सांगतेय. घटक मिलिग्रॅममध्ये न देता नुसतं खास मिश्रण असं लिहिलं असेल तर ठेवून द्या. झोप आणि टेन्शनसाठी अश्वगंधा घेणारे बरेच आहेत, ती नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी नाही, लिव्हरला त्रास झाल्याच्या नोंदी आहेत, थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, आणि गरोदरपणात तर नकोच.

सहावी पायरी: परत मोजा

लोह सुरू केल्यावर हिमोग्लोबिन महिन्याभरात हलायला लागायला हवं. ते नॉर्मल झालं की लोक गोळी सोडतात, पण साठा भरायला पुढे अजून तीनेक महिने लागतात. महिन्याभरात काहीच हललं नाही तर गोळी बदलत बसू नका, रक्त कुठून जातंय ते शोधा. पुरुषांत आणि पाळी गेलेल्या बायकांत लोह कमी निघालं तर पहिल्या दिवसापासूनच मूळव्याध, अल्सर, आतड्याचा त्रास ह्यांची तपासणी हवी.

आकडे सुधारले, तीन महिने झाले आणि तरी मन उठत नाही, झोप नाही, रडू येतं, तर तो रिपोर्ट घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगावंसं वाटत नाही असे विचार येत असतील तर कुठल्याच रिपोर्टची वाट बघू नका, सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं. आधीपासून डिप्रेशनची औषधं चालू असतील तर व्हिटॅमिन सुरू केलं म्हणून ती परस्पर थांबवायची नाहीत.

व्हिटॅमिन डी तीन महिन्यांनी एकदा बघितलं तरी पुरे. बी१२चं मात्र असं आहे की दूध-दही जेमतेम खाणाऱ्या शाकाहारी माणसाने आकडा वर आला म्हणून गोळी पूर्ण बंद केली तर तो परत हळूहळू खाली येतो, त्यामुळे कमी डोसवर पुढे कसं चालू ठेवायचं ते त्याच भेटीत डॉक्टरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्या.