आटा ब्रेड खाऊन वजन उतरवायचं असेल तर: पाकीट कसं वाचायचं, घरी कसा भाजायचा, वर काय लावायचं

दूध, दही, तूप सोडून वजन उतरवायला घेतलं असेल तर आटा ब्रेड चालतो. अटी दोन आहेत. तो पोळीच्या जागी खायचा, पोळी खाऊन झाल्यावर वरून नाही. आणि तो खरंच आट्याचा हवा. घोळ होतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या अटीत, कारण पाकिटावर 'ब्राऊन' दिसलं की आपण ते उचलतो.

आधी कॅलरीचा हिशेब. १०० ग्रॅम पांढऱ्या ब्रेडमध्ये साधारण २६० कॅलरी असतात, आटा ब्रेडमध्ये २५० च्या आसपास. म्हणजे कॅलरीत फार वाचत नाही. खरा फरक फायबरचा आहे. मैद्याच्या ब्रेडमध्ये १०० ग्रॅमला २ ते ३ ग्रॅम, चांगल्या आटा ब्रेडमध्ये ६ ते ७ ग्रॅम. कोंड्यामुळे घास जास्त चावावा लागतो आणि पुढची भूक उशिरा लागते.

३० ग्रॅमची एक स्लाइस म्हणजे ७५ कॅलरी, दोन म्हणजे १५०. ३० ग्रॅम कणकेच्या बिनतेलाच्या पोळीत १०० कॅलरी असतात. म्हणजे दोन स्लाइस दीड पोळीच्या बरोबरीच्या. 'ब्राऊनच तर आहे' म्हणून चार खाल्ल्या की तीन पोळ्या पोटात गेल्या.

ज्वारीच्या भाकरीशी तुलना केली तर आमचं मत स्पष्ट आहे: गरम भाकरी मिळत असेल तर भाकरीच खा. तिला तेल लागत नाही आणि मीठ घातलंच पाहिजे असं नाही. ब्रेडच्या दोन स्लाइसमध्ये मात्र २५० ते ३०० मिलिग्रॅम सोडियम सहज असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत राहायला सांगितलं आहे. ब्रेड कामाचा आहे तो डब्यासाठी, सकाळच्या घाईसाठी आणि ऑफिसातून उठून तर्री-पोह्याच्या ठेल्याकडे वळणारी पावलं थांबवण्यासाठी. पोह्यांवरची तर्री दूध-तुपाशिवायचीच असते, पण त्या लाल तवंगाच्या एका मोठ्या चमचाभर तेलातच सव्वाशे कॅलरी असतात.

पाकीट वाचताना

समोरची बाजू सोडा, पाकीट उलटं करा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणून पहिलं नाव महत्त्वाचं. तिथे 'होल व्हीट फ्लोअर' किंवा 'आटा' हवं. 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा. नुसतं 'व्हीट फ्लोअर' लिहिलं असेल तरी तो मैदाच धरा. पुढे टक्के दिले असतील तर तेही बघा. पहिलं नाव मैद्याचं आणि थोडं खाली 'कॅरामल १५०' असेल, तर तो तपकिरी रंग कोंड्याचा नाही. 'मल्टीग्रेन' शब्दाने भुलू नका. वर चार तीळ आणि जवस चिकटवलेला मैद्याचा ब्रेडही त्या नावाने विकला जातो.

मग पोषणाचा तक्ता. १०० ग्रॅममागे फायबर ६ ग्रॅम किंवा जास्त असलं तर घ्या, ४ च्या खाली असलं तर ठेवून द्या. साखर ५ ग्रॅमच्या आत हवी.

दुधाचं वेगळं तपासावं लागतं. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, आणि शाकाहारात दूध बसतं. म्हणून घटकांमध्ये मिल्क सॉलिड्स, व्हे (दूध फाडल्यावर उरणारं पाणी), बटर, आणि मधही टाळत असाल तर मध शोधा आणि शेवटची अ‍ॅलर्जीची ओळ वाचा. 'कंटेन्स मिल्क' म्हणजे दूध घातलेलं आहे. 'मे कंटेन' म्हणजे त्याच कारखान्यात दुधाचे पदार्थही बनतात. २०२२ च्या व्हिगन (प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेल्या) अन्नाच्या नियमांनंतर हिरव्या व्ही अक्षराचं, वर पान असलेलं चिन्ह आलं आहे. ते दिसलं तर हा सगळा शोध वाचतो.

नागपुरात धरमपेठ, सदर किंवा महाल भागातल्या बेकरीतून सुटा ब्रेड घेत असाल तर विचारा: मैदा किती टाकता, दूध पावडर किंवा लोणी असतं का, वरून काय लावता? चकाकी येण्यासाठी ब्रेडवर दूध किंवा बटर फिरवलेलं असू शकतं. हातात घेऊन बघा. निव्वळ आट्याचा ब्रेड आकाराच्या मानाने जड लागतो आणि कापलेल्या बाजूला कोंड्याचे ठिपके दिसतात. कापसासारखा दबून परत वर येणारा तपकिरी ब्रेड बहुतेक मैद्याचा असतो.

घरी भाजायचा असेल तर

४०० ग्रॅम कणीक, ३२० मिली पाणी, ५ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ७ ग्रॅम मीठ, १ मोठा चमचा फल्लीचं (शेंगदाण्याचं) तेल, २ मोठे चमचे भरड कुटलेलं जवस. साडेआठ बाय साडेचार इंचाचा टिन लागेल. साखर लागत नाही. गहू लोकवन असो की शरबती, चक्कीवाल्याला बारीक दळायला सांगा आणि कोंडा चाळून टाकू नका. दळण गरम असेल तर आधी थंड होऊ द्या.

कणीक, जवस आणि ३०० मिली पाणी कालवून अर्धा तास झाकून ठेवा. ही पायरी गाळू नका. कोरड्या कोंड्याच्या धारेने ग्लुटेनचे (गव्हातल्या चिवट प्रथिनाचे) धागे तुटतात. तो भिजला की नरम पडतो आणि ब्रेड फुगतो. घरच्या आटा ब्रेडची वीट होते ती बहुतेक वेळा इथल्या घाईमुळे किंवा पाणी कमी पडल्यामुळे.

उरलेल्या २० मिली पाण्यात यीस्ट विरघळवून घाला, मीठ घाला, १० ते १२ मिनिटं मळा, शेवटी तेल. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा बरीच सैल आणि चिकट राहील. वरून सुकं पीठ भुरभुरू नका, हात ओले करून मळा.

फुगायला लागणारा वेळ नागपुरात ऋतूप्रमाणे फार बदलतो. मे महिन्यात माठातलं किंवा फ्रिजमधलं पाणी वापरा आणि भांडं कूलरच्या खोलीत ठेवा. तरीही ४० मिनिटांत गोळा जवळपास दुप्पट होईल. त्यापुढे राहिला तर आंबूस वास येतो आणि ओव्हनमध्ये ब्रेड मधोमध बसतो. डिसेंबर-जानेवारीत कोमट पाणी घेऊनही दीड-दोन तास लागतात. घड्याळापेक्षा गोळ्याकडे लक्ष ठेवा.

गोळा दाबून हवा काढा, गुंडाळी करून तेल लावलेल्या टिनमध्ये ठेवा. काठाच्या वर बोटभर आला की आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं भाजा. छोट्या ओव्हनमध्ये वरची कॉइल जवळ असते, म्हणून २० मिनिटांनी वर फॉइल टाका. बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला. दोन तास निवू द्या, गरम कापला तर आतून चिकट लागतो. १६ स्लाइस पाडल्या तर एक साधारण ४० ग्रॅमची आणि ९५ कॅलरींची होते. बाजारच्या स्लाइसपेक्षा मोठी आहे, हे हिशेबात धरा.

वर काय लावता

बहुतेकांचं वजन अडतं ते इथे. पीनट बटरचा एक सपाट मोठा चमचा म्हणजे ९५ कॅलरी, आणि उंच भरलेले दोन चमचे लावले की ब्रेडपेक्षा तेच जड होतात. वापरायचंच असेल तर वजनकाट्यावर १५ ग्रॅम मोजून घ्या.

रोजच्यासाठी हे करा: १०० ग्रॅम शिजवलेले काबुली चणे किंवा बरबटी (चवळी) जाडसर कुस्करा, त्यात कांदा, टमाटर, हिरवी मिरची, भरपूर सांबार (कोथिंबीर), लिंबू आणि एक छोटा चमचा जवसाची चटणी. बाजारच्या दोन स्लाइसमध्ये भरून कोरड्या तव्यावर शेका. सव्वातीनशे-साडेतीनशे कॅलरी, १३-१४ ग्रॅम प्रथिनं आणि १० ग्रॅमच्या वर फायबर मिळतं. सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम सुक्या घेऊन उकळून, पिळून, कुटून भरल्या तर त्यांतूनच १३ ग्रॅम प्रथिनं येतात. नुसता टोस्ट गोड कोऱ्या चहात बुडवून खाल्ला तर दोन तासांत पुन्हा भूक लागणार, कारण त्यात प्रथिनं फार थोडी.

फायबर एकदम वाढवलं तर पोट फुगतं. पहिला आठवडा दिवसाला दोनच स्लाइस घ्या आणि पाणी वाढवा. मधुमेह असेल तर ब्रेड खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर मोजून बघा. सिलिअ‍ॅक (ग्लुटेन न सोसण्याचा आजार) असलेल्यांना गव्हाचा कोणताच ब्रेड चालत नाही. दूध पूर्ण सोडलं असेल तर बी१२ ची गोळी डॉक्टरांना विचारून सुरू करा, ते ब्रेडमधून मिळत नाही.

पावसाळ्यात आटा ब्रेडला बुरशी लवकर लागते. एक स्लाइस हिरवी दिसली तर पूर्ण पाकीट टाका, डाग खरवडून खाऊ नका. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ब्रेड लवकर शिळा आणि कडक होतो. स्लाइसमध्ये बटर पेपर घालून फ्रीझरमध्ये ठेवला तर महिनाभर टिकतो, आणि स्लाइस न वितळवता थेट मंद तव्यावर टाकता येते.