नानकटाई ताटभर पसरत होती, त्यावर लागू पडलेला उपाय

दिवाळीतली नानकटाई ओव्हनमध्ये पसरून पापडासारखी होत असेल तर आधी तूप बघा. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते पातळ होतं. पातळ तुपात फेटताना हवा धरत नाही आणि पीठही ढिलं पडतं. मी डबा फ्रीजमध्ये ठेवून तूप रवाळ, बोट दाबलं तर खळगा राहील इतपत घट्ट करते. मगच मोजते.

प्रमाण: तूप 100 ग्रॅम, पिठीसाखर 80 ग्रॅम, मैदा 125 ग्रॅम, बेसन 30 ग्रॅम, बारीक रवा 20 ग्रॅम, खायचा सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची. तूप-साखर पांढरीशुभ्र होईपर्यंत फेटायची. पिठं सोड्यासकट चाळून घालायची, पण मळायचं नाही, नुसतं गोळा करायचं. मळलं की खुसखुशीतपणा गेलाच. सोडा वाढवला तर भेगा छान दिसतात, पण नानकटाई जास्त पसरते आणि साबणासारखी चव येते, म्हणून तो मोह नको.

गोळे वळून ट्रेसकट 20 मिनिटं फ्रीजमध्ये. ओव्हन आधीच 170 अंशांवर तापलेला हवा, थंड ओव्हनमध्ये तूप आधी वितळतं. पहिल्यांदा एकच गोळा भाजून बघा: पसरला तर उरलेल्या पिठात चमचाभर मैदा, कोरडा पडून फुटला तर छोटा चमचा तूप.

15 ते 18 मिनिटांत कडा जेमतेम बदामी होतात, तेव्हाच ट्रे काढा. गरम असताना ती मऊच लागते. 10 मिनिटं हात लावू नका, उचलली तर मोडते.