फारोचा पश्चात्ताप ओळखायचा कसा

संकट टळल्याबरोबर पश्चात्तापही ओसरला, तर तो फारोचा पश्चात्ताप. फारो म्हणजे मिसरचा राजा. तो इस्राएली लोकांना जाऊ देईना म्हणून देवाने बेडूक, गारा अशी संकटे आणली, आणि संकट टळले की तो शब्द फिरवी. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचे 8 ते 10 अध्याय उघडा, पेन्सिल घ्या आणि आपली कबुली त्याच्या कबुलीशी ताडून पाहा.

त्याआधी एक खबरदारी. आजारपण आले, नोकरी गेली म्हणजे देवाची शिक्षाच, असे धरू नका. जन्मांधाबद्दल शिष्यांनी तोच तर्क केला होता आणि येशूने तो खोडला (योहान 9:3). संकटावरून पाप शोधू लागलात तर निर्दोष ईयोबाचे दुःख पाहून त्याने पाप केलेच असणार असे धरणाऱ्या त्याच्या मित्रांच्या पंक्तीला बसाल. देवाची शिस्त बहुधा साध्या वाटेने येते: एखादे वचन टोचत राहते, नाहीतर दावीद राजाला त्याचे पाप दाखवणाऱ्या नाथान संदेष्ट्यासारखा कोणी तोंडावर बोलतो. ती नेमक्या कृत्यावर बोट ठेवते. 'मी वाईटच' ही मोघम खंत वेगळी.

आता 'उद्या' शोधा. राजवाडा बेडकांनी भरलेला, इस्राएलींचा पुढारी मोशे विचारतो की बेडूक जावेत म्हणून देवाला विनंती कधी करू, आणि फारो म्हणतो, 'उद्या' (8:10). आणखी एक रात्र बेडकांसोबत! आपले 'उद्या' म्हणजे 'लग्नसराई आटोपू दे', 'मार्च संपू दे'. म्हणून आजच होईल अशी एक कृती ठरवा: जुगाराचे ॲप काढा, तो नंबर पुसा.

मग घासाघीस तपासा. फारोच्या चार सवलती अधोरेखित करा: याच देशात यज्ञ करा; जा, पण फार लांब नको; फक्त पुरुषांनी जा; गुरेमेंढरे ठेवून जा. तुमची सवलत एका वाक्यात लिहा. 'दारू सोडली, लग्नात तेवढी चालते.' घसरण बहुतेकदा इथूनच होते, कारण राखून ठेवलेली जागाच परतीची वाट असते.

कबुलीत पापाचे नाव घ्या. 'मी पाप केले' हे फारोही म्हणाला (9:27), इस्राएलचा राजा शौलही म्हणाला. पण शौलाने सबब म्हणून लोकांना पुढे केले. 51व्या स्तोत्रात दावीद कोणालाच पुढे करत नाही.

पैसे बुडवले असतील तर परत करा. बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 5:7 मधले माप मूळ रक्कम अधिक पाचवा हिस्सा असे आहे, म्हणजे 5,000चे 6,000. जकातदार जक्कयाने तर चौपट देऊ केले. मारहाण केली असेल तर मात्र माफीसाठी भेटीचा आग्रह धरू नका; समोरच्याची सुरक्षितता आधी.

हे सारे एका विश्वासू माणसाला सांगा (याकोब 5:16), पाळकाला किंवा मंडळीतल्या जाणत्याला. प्रार्थनासभेत तपशील उघडू नका; तिथे कबुलीची बातमी होते.

खरी परीक्षा सुटकेनंतर. गारा थांबल्या आणि फारोने आणखी पाप केले (9:34). तेव्हा रिपोर्ट चांगला आला किंवा कर्ज फिटले, की त्याच आठवड्यात घासाघिशीचे ते वाक्य घेऊन त्या माणसाला पुन्हा भेटा. भेटायला नको वाटले, तर तेही त्याला सांगा.