मागच्या रांगेत शब्द दोनदा ऐकू येत होता, तो घोळ कसा सुटला

मोकळ्या मैदानातला कार्यक्रम होता, स्टेजजवळ आवाज एकदम क्लीन पण मागे गेलं की प्रत्येक शब्द डबल, म्हणून मी आधी इको समजून मिक्सरवरचा रिव्हर्ब (आवाज घुमवणारा इफेक्ट) पूर्ण बंद केला, मग ईक्यू (जाड-बारीक सूर कमी-जास्त करणारी सेटिंग) कापत बसलो, काही फरक नाही. व्हॉल्यूम वाढवला तर अजूनच वाट लागली.

शेवटी मागच्या लोकांसाठी मैदानाच्या मधे लावलेले स्पीकर म्यूट केले आणि मागे जाऊन उभा राहिलो तर आवाज बारीक पण स्वच्छ! म्हणजे भांडण दोन स्पीकरांचं होतं. वायरमधून सिग्नल लगेच पोचतो, पण हवेतून आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटरच जातो, आणि माझे मधले स्पीकर स्टेजपासून ४० मीटरवर, म्हणजे मेनचा (स्टेजजवळच्या मुख्य स्पीकरांचा) आवाज तिथे जवळपास ११७ मिलिसेकंद उशिरा येत होता.

मग प्रोसेसरमध्ये (स्पीकरकडे जाणारा सिग्नल सेट करायचं यंत्र) मधल्या स्पीकरना १३० मिलिसेकंद डिले दिला, म्हणजे त्यांचा आवाज तेवढा उशिरा सोडला. वरचे १३ मुद्दाम, कारण जो आवाज आधी कानावर पडतो तिकडूनच तो येतोय असं मेंदू धरून चालतो, त्यामुळे लोकांना बोलणारा स्टेजवरच वाटतो. मधल्यांची लेव्हल (आवाजाची पातळी) मात्र बेताचीच ठेवा, फार चढवली तर ही ट्रिक मोडते. मधल्यांचा बेसही कापला, तो मेनमधून तसाही मागेपर्यंत येतोच.

अंतर पावलांनी मोजू नका राव, टेप घ्या, माझं पहिल्यांदा ६ मीटरने चुकलं होतं.